साहेबांनी चहा नाकारला

तुमी चहाला न्हाय म्हणलाव, तवा आमचे देशमुख साहेब आठवले बगा. आमच्या साखर कारखान्याचे मॅनेजर. युनियन आन् मॅनेजमेंट, दोगांना मिळून धाराशिवला ट्रेनिंग होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, "जागा बदला. साहेबांनी कामगार व्हायचं, कामगारांनी साहेब."

युनियनचे अध्यक्ष रशीदचाचा साहेब झाले. देशमुखांनी कामगार होऊन आमचीच जुनी मागणी मांडली, "बॉयलरपाशी थंड पाण्याची मशीन बसवा."

चाचा खुर्चीत रेलून म्हणले, "बघू. वर कळवतो."

देशमुख आमच्याच बोलीत भडकले, "आजून किती दिस कळवताव?"

"सबुरीनं घ्या. चहा घ्या."

आता आमच्या युनियनची रीतच हाय, मागणी मान्य होईस्तवर साहेबाचा चहा प्यायचा न्हाय. देशमुखांनी कप मागं सारला!

मॅडम हसून म्हणल्या, "साहेब, खेळ संपला. आता घ्या चहा."

"न्हाय. आधी मशीन बसू द्या."

आन् परत आल्यावर खरंच पाठपुरावा करून त्यांनी मशीन बसवून घेतली. त्या दिशी सोता बॉयलरवर आले, गिलासभर गार पाणी प्याले आन् रशीदचाचांना म्हणले, "चला साहेब, आता पाजा तुमचा चहा."