घरी शिकलेलं कोण

माझा भाऊ सदू जनावरांचा डॉक्टर झाला, पण कसा झाला ते ठाऊक आहे का तुम्हाला? मुंबईच्या कॉलेजासाठी जिल्ह्यातून एकालाच स्कॉलरशिप होती. मी भावाबरोबर पालीहून रत्नागिरीला चालत गेले नि कचेरीच्या पडवीत बसले. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत नि ऐकू येत होतं.

साहेबांनी विचारलं, "घरी शिकलेलं कोण?"

"कोणी नाय. बापूस अंगठा लावतो," सदू म्हणाला.

त्याच स्कॉलरशिपसाठी आलेला एका वकिलांचा मुलगा शेजारी उभा होता, तो हसला. साहेबांनी त्यालाच विचारलं, "बैलाला वर पुढचे दात किती?"

"आठ."

मग सदू हसला. "एक पण नाय, साहेब. वर नुसती हिरडी. आठ ते खाली."

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाय. बायनं बैलाचं तोंड उघडून माझा हात आत घातलान, तेव्हा कळलं. बहीण माझी, बाहेर बसलीय."

साहेब दारात आले, मला बघितलं, आत जाऊन कागदावर काहीतरी खोडलं. जागा सदूला मिळाली.

परतताना मी विचारलं, "सायबान काय खोडलान रे?"

"घरी शिकलेलं कोण, तिथे 'कोणी नाही' होतं. ते खोडून 'बहीण' लिहिलान."