प्रयत्नांबद्दल हार्दिक अभिनंदन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इमारतीच्या समितीचेही अध्यक्ष, असे दोन्ही मान एकट्याने सांभाळणारे आमचे काका. प्रमुख पाहुणे दंतवैद्य डॉक्टरसाहेब. व्यासपीठावरचे चिटणीस, खजिनदार आणि वकीलबाई. आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी भाची, जिला जन्मल्यापासून सगळे भिंगरी म्हणतात. आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या आणि दाराशी घुटमळणाऱ्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो.

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. त्यांचे स्वतःचे दोन शब्द पाऊण तास चालले. मी तेच माप धरून चालते.

बाहेरून आलेल्या बाकीच्या पाहुण्यांसाठी आधी थोडं सांगते. मी आणि माझा दादा, म्हणजे भिंगरीचे वडील, तळमजल्यावर मागच्या खोलीत कवळ्या बनवतो. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यावर प्लास्टरचा साचा करतो, मेणात दात रचतो, मग पक्की कवळी करून घासून-पुसून परत देतो. या सभागृहात आत्ता हसणाऱ्यांपैकी काही जण आमच्या दातांनी हसतायत. कोण ते मी सांगणार नाही. तोंड बंद ठेवणं हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे, आणि आज तो मी थोडा मोडणार आहे.

मागचा फलक आपण सगळ्यांनी पाहिलाच असेल. ‘प्रयत्नांबद्दल हार्दिक अभिनंदन.’ यातला ‘प्रयत्नांबद्दल’ हा शब्द वेगळ्या कागदावर लिहून वरून चिकटवलाय, आणि दिवा मागून लावल्यामुळे खालचा ‘निवडीबद्दल’ स्वच्छ दिसतोय. फलक आधीच छापून झाला होता. सभागृह ठरलं होतं, डॉक्टरसाहेबांनी तारीख दिली होती, अध्यक्षांचं भाषण पाठ झालं होतं. फक्त विद्यापीठाने ऐन वेळी माती खाल्ली. आता एका विद्यापीठापायी एवढा कार्यक्रम रद्द करायचा का? समितीने नाही असं ठरवलं. अर्ज केल्याबद्दल सत्कार होणारी भिंगरी या इमारतीतली पहिलीच मुलगी. यापुढे आपण रांगेत उभं राहिल्याबद्दलही सत्कार करू शकतो, हा नवा रस्ता समितीने खुला केला, त्याबद्दल मी आभारी आहे.

ते विद्यापीठ कसलं आहे हे तुम्हाला समितीने वर्षभर ऐकवलंच आहे. शंभरांनी अर्ज करावा तर तीन-चार जणांना आत घेतात. भिंगरीला तिथे जायचं होतं. मनापासून जायचं होतं. माणसाच्या शरीरात परकी वस्तू बसवली तर शरीर ती आपली कधी म्हणतं आणि कधी म्हणत नाही, हे तिला शिकायचंय. लहानपणापासून आमच्या खोलीत बसून तिने एवढंच पाहिलं, की एकाला कवळी पहिल्या दिवशी बसते आणि दुसऱ्याच्या हिरड्या महिनाभर रडतात. ‘असं का’ म्हणून ती माझं डोकं खायची. मला उत्तर येत नव्हतं. ज्यांना येतं ते त्या विद्यापीठात शिकवतात, असं तिने शोधून काढलं.

ती अर्ज करतेय हे तिने मला सांगितलं, मी दादाला सांगितलं आणि दादाने लिफ्टमध्ये चिटणीसांना सांगितलं. लिफ्ट तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, त्यामुळे सविस्तर सांगायला वेळ मिळाला. रविवारी बैठक बोलावली गेली. आपल्या इमारतीत गच्चीची किल्ली कुणाकडे ठेवायची यासाठीसुद्धा उपसमिती असते. मग प्रवेशासाठी का नसावी? झाली.

आता त्या अर्जात एक निबंध लिहायचा असतो. प्रश्न साधा होता: तुमच्या गुणांवरून आम्हाला कळणार नाही, असं स्वतःबद्दल काहीतरी सांगा. स्वतःबद्दल. हा शब्द समितीने वाचला नाही असं मी म्हणणार नाही. वाचला, आणि त्यावर चर्चा झाली. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की मुलगी इमारतीची आहे, तेव्हा ‘स्वतः’मध्ये इमारत आलीच.

भिंगरीने आधी आपल्या मनाने एक निबंध लिहून आणला होता. एका म्हाताऱ्या शिक्षिकेबद्दल. त्या बाईंच्या पुढच्या दोन दातांमध्ये जन्मभर फट होती. कवळी करायची वेळ आली तेव्हा वरून आम्हाला चिठ्ठी आली की फट बुजवा. चिठ्ठी कुठल्या डॉक्टरांची होती ते मी सांगत नाही. डॉक्टरसाहेब, आपण पाणी प्या. आम्ही बुजवली. दात इतके सुरेख बसले की दादाने ती कवळी मला दोनदा दाखवली. आठवड्याने बाई स्वतः आमच्या खोलीत आल्या, कवळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “छान आहे. पण हे माझं तोंड नाही. नातवंडं माझ्याकडे बघून हसेनाशी झालीत.” आम्ही पुन्हा मेण तापवलं. नवे दात भिंगरीने रचले, फट ठेवून. कितीची ठेवायची हे ठरवायला बाईंचा एक जुना फोटो समोर ठेवला होता. त्यात बाई तोंडभर हसत होत्या. भिंगरीने एवढंच लिहिलं होतं. शेवटी तिने लिहिलं होतं की त्या दिवसापासून मला नीट बसणं आणि सुंदर दिसणं यातला फरक शिकायचाय.

हा निबंध बैठकीत वाचला गेला. मग खजिनदार म्हणाले, “चांगलं आहे, पण यात भिंगरीने केलं काय? एक फट.” वकीलबाई म्हणाल्या की दात हा विषय जेवणाच्या आधी वाचवत नाही. आणि माझा सख्खा भाऊ म्हणाला, “आपलं काम तोंडात लपवायचं असतं, चारचौघांत मांडायचं नसतं. मोठ्या लोकांसमोर दातांचं काय काढायचं?” दादा, खाली बघू नकोस. तू तिच्या काळजीने बोललास हे मला तेव्हाही कळत होतं.

मतदान झालं. निबंधाच्या बाजूने दोन मतं पडली. एक माझं. दुसरं तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं, आणि त्यांनी हात पंखा लावा म्हणून वर केला होता, पण चिटणीसांनी प्रामाणिकपणे मोजला. भिंगरीला मत नव्हतं. ती सभासद नाही.

मग समितीने निबंध लिहायला घेतला. प्रत्येक सभासदाने एकेक वाक्य द्यायचं, असं ठरलं. त्यातून जी मुलगी तयार झाली तिला मी आजवर भेटलेले नाही. तिने ऐन परीक्षेत इमारतीची लिफ्ट दुरुस्त करवून घेतली. पाण्याच्या टाकीचा पुनर्जन्म घडवला. गाड्या लावण्यावरून दोन बिऱ्हाडांत चाललेलं जुनं वैर मिटवलं. ती दोन्ही बिऱ्हाडं आज समोर बसलीयत, आणि मध्ये मुद्दाम चार खुर्च्या मोकळ्या आहेत. हे सगळं तिने ‘दूरदर्शी अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली’ केलं. शेवटी वकीलबाईंनी ‘वरील मजकुराच्या अधीन राहून’ हे शब्द घातले. कशाच्या अधीन, कोण, हे मला विचारू नका. मजकूर फार लांबला तेव्हा काटछाट करायची वेळ आली. भिंगरीच्या आईबद्दल एकच वाक्य होतं, ते गेलं. वहिनी त्या दिवशी इस्पितळात ड्युटीवर होत्या, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं. गाड्यांचं वाक्य राहिलं.

मुलाखतीचंही थोडक्यात सांगते. त्या विद्यापीठात शिकून गेलेल्या एक बाई संगणकावरून बोलणार होत्या. समितीने ठरवलं की मुलाखत इमारतीच्या कचेरीतूनच व्हावी. संगणकासमोर भिंगरी आणि संगणकामागे भिंतीला चिकटून उभी अख्खी कार्यकारिणी. त्या बाईंनी विचारलं, “अलीकडे तुला कशाचं हसू आलं?” भिंगरीने वर पाहिलं. समोर अध्यक्ष दोन्ही हातांनी पाटी धरून उभे होते: ‘नेतृत्व सांग’. पोरगी जी हसत सुटली ती थांबेचना. मी दाराबाहेर होते, मलाही आवरेना.

आणि मग नकार आला. चार ओळींचा, अतिशय सभ्य.

त्यानंतर या इमारतीत काय झालं ते पाहुण्यांना माहीत नाही. कुणाच्या वाक्याने पोरीचा घात केला यावर तीन बैठका झाल्या. अध्यक्षांनी वकीलबाईंच्या ‘अधीन’वर बोट ठेवलं. वकीलबाईंनी लिफ्टवर ठेवलं, कारण लिफ्ट त्याच आठवड्यात पुन्हा बंद पडली आणि विद्यापीठाने चौकशी केली असली तर? लिफ्टचं वाक्य चिटणीसांचं, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. पण तो मंजूर करायला बैठक बोलावण्याचा अधिकार चिटणीसांनाच असल्याने ते अजून चिटणीस आहेत. खजिनदार आमच्या दारात येऊन भिंगरीची माफी मागून गेले. त्यांचे डोळे भरले होते. त्या वेळी मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आणि आत्ता, पाऊण तासाच्या शेवटी, अध्यक्षांनी ठराव जाहीर केला. भिंगरीने वर्षभर थांबावं, मोठी उपसमिती नेमावी, निबंध निर्दोष करून पुन्हा पाठवावा. तुम्ही टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या, हळू, पण वाजवल्या. भिंगरीने वाजवल्या नाहीत, हे कुणी पाहिलं?

म्हणून मला बोलायला हवं. तिने मला विचारलं होतं, “आत्या, तू सांगशील का? मला त्यांच्या तोंडावर नाही सांगता येणार. किती केलं त्यांनी माझ्यासाठी.” खरंच केलंत. कितीतरी रविवार घातलेत, आपापल्या पोरांच्या वेळी नसेल एवढी काळजी केलीत. तेव्हा कृपा करून एकमेकांशी बोलायला लागा, कारण तुमच्यापैकी कुणाच्याही वाक्याने तिचा घात केलेला नाही. तुमचा निबंध गेलाच नाही.

हो. गेला नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी कवळी घासत होते. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली, समितीचा निबंध काढला, आपला घातला आणि पाठवून दिला. मला म्हणाली, “झालं.” मी यंत्र बंद केलं नाही.

म्हणजे नाकारली गेली ती ती फट, ते मेण, त्या बाई. आमची खोली. नकार आला तेव्हा मी खूप रडले. तिने खरं ते लिहिलं आणि तिकडच्या कुणीतरी ते वाचून बाजूला ठेवलं, हे मला लागलं. अजून लागतं. आपलं मनापासूनचं पुढे केलं की समोरचा ते उचलून धरतोच, असं मला कुणी सांगितलं तर मी त्याला आता आमच्या खोलीत येऊ देणार नाही. भिंगरीही रडली. मग तोंड धुऊन आली आणि मला म्हणाली, “आत्या, मी माझं लिहिलं, त्यांनी वाचलं, नको म्हणाले. ठीक आहे. पण समितीचं वाचून हो म्हणाले असते, तर चार वर्षं तिकडे कोण राहिलं असतं? लिफ्ट दुरुस्त करणारी?”

तिला दुसऱ्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालाय. साधं आहे. त्यांनी निबंध मागितलाच नाही, गुण पाहिले आणि ये म्हणाले. तिथले एक प्राध्यापक हिरड्यांवर काम करतात. तिने त्यांना आपला ‘असं का’ लिहून विचारला. त्यांनी कळवलंय की मलाही माहीत नाही, ये, बघू. परवा तिची गाडी आहे. बॅग भरून झालीय. फक्त दादा हो म्हणत नाहीये, कारण समितीचा शब्द मोडायला त्याला अवघड जातंय.

दादा, त्या शिक्षिका कवळी परत घेऊन आल्या तेव्हा तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. तूच आधी उठून मेण तापवायला ठेवलंस. मी पाहिलंय. तुझ्या मुलीला विचार, इथेच, सगळ्यांसमोर. ठरावावर मत नसेल तिला, पण स्वतःच्या आयुष्यावर असावं.

थांबते मी. विचार.

बरं. माईकवर ऐकू आलं नसेल, म्हणून मागच्यांसाठी सांगते. त्याने तिला विचारलं, “जायचंय का तुला?” ती म्हणाली, “हो बाबा.” तो म्हणाला, “मग परवा गाडीपर्यंत मी येतो.”

अध्यक्ष महाशय, ठरावाचं काय करायचं ते आपण बघा. डॉक्टरसाहेब वेळ काढून आले, वकीलबाई जेवणाआधी दात ऐकत बसल्या, आपण सगळ्यांनी पुन्हा एकदा एवढा जीव लावलात, त्याबद्दल आमच्या घराकडून मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल. माझं हे भाषण कुठल्याही समितीने पाहिलेलं नाही. चुका असतील त्या माझ्याच आहेत. त्या पोटात घाला, पण सुधारून मात्र देऊ नका.