मागच्या सीटचा हिशेब

ताई : ही सीट पुढे झुकवायची कशी? ओढू की दाबू?

विक्रेता : खालची कडी ओढा, मॅडम. सीट पुढे वाकेल, मग त्या फटीतून मागे जायचं.

ताई : फटीतून? मी काय पाकीट आहे आत सरकवायला?

भाऊ : ताई, उगीच त्रास नको घेऊस. तुझे गुडघे...

ताई : तू दोन दारांची घेतोयस, मग मला चढून बघायला नको? चार दारांची शेजारीच उभी आहे. तिच्याकडे तर ढुंकूनही बघितलं नाहीस.

भाऊ : अगं, ही लांबीला आखूड. खडकाळ चढावर पोट घासत नाही, अरुंद वाटेवर पटकन वळते. सगळी नोकरी डोंगरउतारावर जमिनी मोजण्यात गेली माझी. मला कळतं.

ताई : निवृत्त झालास ना पण? आता डोंगरावर काय मोजणार आहेस?

विक्रेता : सरांचं मॉडेल पक्कं आहे, मॅडम. फोनवर त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली.

भाऊ : अहो, ते रंग दाखवा ना.

ताई : थांबा. काय विचारलं?

विक्रेता : गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागे चढता येईल का. मी आमच्या कॅशियरकाकांना मुद्दाम चढवून बघितलं. नाही जमत. तसं सांगितलं, तर सर म्हणाले, "छान!" मला वाटलं, फोन नीट ऐकू येत नसेल.

ताई : छान ऐकू येतो त्याला. काय रे?

भाऊ : ताई, तसं नाही.

ताई : मग कसं?

भाऊ : मला वाटलं, मागे चढता येत नाही म्हटल्यावर तू आपणहून घरी थांबशील.

ताई : पण मी मागे बसले कधी? तुमच्याकडे राहायला आल्याला अकरा वर्षं झाली. पुढे मी, मागे तुझी बायको. ती तर मांजरीसारखी चढेल. म्हणजे या गाडीतही पुढे मीच, आणि ती बिचारी मागे, तेही स्वतःचं दार नसताना. लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजल्यास आणि तीन माणसं बसवताना चुकलास!

विक्रेता : सर, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ताई : द्या हो हीच. मला आवडली.

भाऊ : नको!

ताई : का? चढावर पोट घासत नाही ना?

भाऊ : चेष्टा पुरे, ताई. अकरा वर्षं मी हिला आरशातच बघतोय. मी काही बोललो की मागून "काय?" येतं, आणि उत्तर देतेस तू. एकदा तरी ती शेजारी बसावी, एवढंच वाटत होतं.

ताई : मग तोंड उघडून सांगायचं होतंस.

भाऊ : कसं सांगणार? मागे बसलं की तुला मळमळतं.

ताई : कोण म्हणालं?

भाऊ : तूच! पहिल्याच प्रवासात.

ताई : त्या दिवशी मला रस्ता बघायचा होता.

भाऊ : अकरा वर्षं?

ताई : रस्तेही काही कमी नव्हते.

विक्रेता : मग सर... दोन दारं की चार?

भाऊ : चार.

ताई : एवढं बोलायला तुला गाडी घ्यावी लागली. बरं, ऐक. पहिल्या खेपेला तुम्ही दोघंच जा. दुसऱ्या खेपेला मी येणार.

भाऊ : मागे?

ताई : मागे. पण खिडकीची जागा माझी.

विक्रेता : मॅडम, मागे खिडक्या दोन आहेत.

ताई : दोन्ही माझ्या.