बिनचांदीची पेस्ट

अहो, परवाची आमची गंमत ऐका. माझ्या मनालीची चार वाजता ऑनलाइन मुलाखत, आणि कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडतोय! प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळली होती म्हणे. दोघी धावत डहाणू रोडच्या दुकानात गेलो.

दुकानदार जिग्नेशभाईंनी एक ट्यूब पुढे केली. "बेन, ही घ्या. यात चांदीची पावडर आहे, गरमी लगेच खेचते."

"चांदी? मग नको."

मनालीच्या नोकरीसाठी मी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चांदीचे डोळे बोललेय. ते वाहीपर्यंत घरात नवी चांदी आणायची नाही, असा माझा नेम.

"आई, कणभर असते गं ती!"

"कण देवीला दिसत नाही होय?"

जिग्नेशभाई हसले. "मग ही सिरॅमिकची न्या. तुमच्या कामाला पुष्कळ झाली."

घरी येऊन मनालीने पेस्ट लावली आणि खोलीचं दार लोटलं. मी बाहेर जप करत बसले. तासाभराने ती घामाने निथळत बाहेर आली. मी जप सोडून उठलेच.

"बंद पडला का गं?"

"नाही गं! सोमवारपासून कामावर ये म्हणाले. कॉम्प्युटर थंडच होता, तापले मी!"