तिरका पडदा

समुद्रकाठच्या सांता बार्बरा शहराला जाणाऱ्या बसमध्ये बेव्हर्लीला जरा डुलकी काढायची होती, पण पुढच्या सीटवरच्या दोन बहिणींपैकी धाकटीचं तोंड काही बंद होईना. थोरली, ओफेलिया, मांडीवर जाड काळं कापड घेऊन शिवत होती.

"ताई, उतरल्या उतरल्या धक्क्यावर जाऊ. मासे खाऊ, वाळूत तंगड्या पसरून बसू. तुझ्या पोराच्या कॉलेजच्या गावी पहिल्यांदाच चाललोय, घाई कसली?"

"हो गं, आरामात."

"मग तुझ्या रूबेनची खोली बघू. डब्यातले तमाले तिथेच गरम करू."

"नको. गारच खाऊ. तो धक्क्यावरच येणार आहे."

"का? अंथरुणातून लाटा दिसतात म्हणत होता ना? लाडोबा! तिथली भाडी ऐकून माझे तर डोळेच पांढरे झाले."

"त्याचेही झाले असतील."

"आणि हे काय शिवतेस मघापासून?"

"पडदे. उजेडाने झोपमोड होते म्हणाला. मापं त्यानेच कळवली."

"एवढेसे? आणि हा एका बाजूने तिरका? चुकलीस बघ."

"नाही चुकले."

"अगं, अशी खिडकी कुठल्या घराला असते?"

ओफेलियाने दातांनी दोरा तोडला.

"घराला नसते. त्याच्या बापाच्या जुन्या गाडीला आहे."

धाकटीने तो तिरका पडदा उचलून हातात धरला.

"ताई, तुला कळलंय हे त्याला ठाऊक आहे?"

"नाही. आणि तूही बोलायचं नाहीस. लाटा बघायच्या, मासे खायचे, हसायचं."

"मग आपण त्याच्यासाठी करायचं तरी काय?"

"दुपदरी शिवलेत मी. आत दिवा लावला तरी बाहेर कुणाला कळणार नाही."