सलीमभाईंनी तपासलेला कीबोर्ड

"सलीमभाईंच्या नसरीननं ऑनलाइन अर्ध्या किमतीत मागवलेला गेमिंग कीबोर्ड म्हणे बिघडलेलाच..." नळावर एवढंच कानावर आलं. आता मी घरी कशी बसणार? नसरीनची टायपिंगची परीक्षा चार दिवसांवर, आणि सरावाला तिच्याकडे तेवढाच कीबोर्ड.

गेले तर सलीमभाई कीबोर्ड खोलून, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले.

"गॅरेजात मी नवा पार्टबी खोलूनच पाह्यतो, ताई. स्वस्त मालाचा काय भरोसा?"

"अब्बा, सील तोडलं तुम्ही! आता तर वापसबी होत नाही," नसरीन रडकुंडीला आलेली.

सलीमभाईंनी कीबोर्ड परत जोडून कॉम्प्युटरला लावला. बटणं सगळी चालली. नसरीन म्हणाली, सकाळी बटणांखाली छान लागलेले रंगीत दिवे मात्र गेले.

"पेपर बटणांनी लिहायचा हाय, दिव्यांनी नाही," सलीमभाई म्हणाले.

नसरीन सरावाला बसली. कीबोर्ड बिघडला हे खरं, पण ऑनलाइनवाल्यानं नाही, बापानं बिघडवला.