तुझ्याकडे दोन आहेत ना

नाही, तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या पोटातला माल असा कुणी मोजतं का? दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, दोन्ही किडन्या गेल्या, वाईट झालं, मी डायलिसिसला सोबत बसतो, पिपलानीच्या घरून नेहरू नगरच्या हॉस्पिटलात स्कूटर दामटत जातोच की... पण आईनं पहिल्याच दिवशी माझ्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाली, तुझ्याकडे दोन आहेत ना.

झालं! तेव्हापासून घरात जो तो शरीरशास्त्राचा मास्तर. वहिनी सांगते, भावजी, किडनी म्हणजे काय हो, मुठीएवढी चाळणी, रक्त गाळायचं, घाण लघवीवाटे बाहेर काढायची, एका चाळणीत भागतं की! आणि माझी बायको रेवती, तीसुद्धा तिकडूनच... मोबाइल नाकासमोर धरून म्हणते, बघा, माणसं एकीवर नव्वदी गाठतात. मी म्हटलं, अगं, फुप्फुसंही दोन आहेत, डोळेही दोन आहेत, उद्या दादाला मोतीबिंदू झाला तर? तर म्हणे, विषय डोळ्यांचा नाहीये. तुमच्याकडे दोन आहेत ना.

अहो, दादाचा मुलगा आहे ना, अजिंक्य, रोज जिममध्ये जातो, त्याच्या काय कमी आहेत? आई म्हणाली, त्याचं लग्न व्हायचंय. आणि माझं? तुझं होऊन गेलं. होऊन गेलं म्हणजे? मी काय आता नुसता सुट्या भागांसाठी उभा आहे? लहानपणापासून हेच हो... सायकल आली, दादाची. दुधावरची साय, दादाला. मला ताप आला की आई कपाळाला हात लावून विचारायची, दादाला तर नाही ना लागायचा? वाईट वाटतं मला. पन्नाशी उलटली तरी वाटतं.

शेवटी म्हटलं, घ्या. निदान या निमित्तानं आई मला एकदा आपलं म्हणेल. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली, आणि रिपोर्ट ऐकायला आई आणि रेवती दोघी आल्या. डॉक्टर म्हणाले, "इनकी तो एक ही किडनी है. जन्म से."

रेवती म्हणते, हे लग्नाआधी सांगायला नको होतं? अगं, मला माहीत होतं का? आणि आई डॉक्टरांना सांगतेय, हा पहिल्यापासून असाच, एक काम पूर्ण नाही! जसं काही दुसरी मीच वाटेत कुठेतरी पाडून आलो...

मग तिनं जरा विचार केला आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "डॉक्टर साहब, पर जो एक है, वो तो अच्छी है ना?"

डॉक्टर बिचारा सरळ माणूस. "एकदम बढ़िया, माताजी. अकेली दोनों का काम कर रही है."

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं.